मेणाचं बाळ हातात असलेल्या बाईशी काय बोलावं

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे नवसाच्या प्रार्थनेला, येणाऱ्यांत कॅथलिक नसलेली माणसं खूप असतात. बाहेर मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, घरं आणि बाळं विकायला ठेवलेली असतात. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेतही तेच. मेणाचं बाळ घेऊन रांगेत उभी असलेली बाई मूल मागायला आलेली असेल, झालेल्या मुलाचा नवस फेडायला आलेली असेल, पोटातच गेलेल्या बाळासाठी आलेली असेल, किंवा सहा वर्षांपूर्वी पाडलेल्या बाळासाठी. चेहऱ्यावरून यातलं काहीच कळत नाही. गर्भपाताविषयी अनोळखी माणसाशी बोलू पाहणाऱ्या कॅथलिक स्वयंसेविकेने पहिल्या वाक्यापासून हे ध्यानात ठेवायचं आहे.

बोलणं निघतं ते जत्रेत आपण मांडलेल्या टेबलाशी, नोव्हेनानंतर आवारात, कॉलेजातल्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी. आणि फार वेळा विरार लोकलच्या लेडीज डब्यात, जिथे गळ्यातला क्रूस पाहून शेजारचीच विचारते, "तुमच्यात म्हणे पाडायला परवानगीच नसते ना?" काही जणी तुम्हाला 'सिस्टर' म्हणतील. तुम्ही नन नसाल तर तिथल्या तिथे सांगा. नन समजून बाई जे बोलते, ते संसारी बाईशी बोलली असती असं नाही.

आधी अमेरिकेची पत्रकं बाजूला ठेवा

या विषयावरचं तयार साहित्य बहुतेक अमेरिकेतून येतं आणि त्याचं मराठी केलं जातं. तिथला वाद गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या 1973 च्या न्यायालयीन निकालाभोवती, हक्काच्या भाषेत वाढला. तो निकाल 2022 मध्ये फिरवला गेला. आपल्याकडे कायदा त्याआधीचा, 1971 चा. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या अहवालावर तो उभा राहिला. असुरक्षित गर्भपातांत बायका मरत होत्या आणि कुटुंबनियोजनाचं वारं होतं, त्या काळातली ही गोष्ट. आजही या कायद्याचा कणा डॉक्टरचं मत हाच आहे.

म्हणून 'माझं शरीर, माझा निर्णय' या वाक्याला तुम्ही पाठ केलेलं उत्तर बहुधा पिशवीतच राहील. ऐकू येतं ते असं: "दोन आहेत, तिसरं कशावर पोसायचं?", "सासूबाईंनी अपॉइंटमेंट घेतली", "लग्नाला अजून वर्ष आहे", "सोनोग्राफीत दोष निघालाय". यातल्या कितीतरी ठिकाणी निर्णय तिचा नसतोच. हक्काविरुद्ध भाषण ठोकलं तर जी आधीच दबावाखाली आहे तिच्यावर आणखी एक दबाव, एवढंच होतं.

याच कारणाने दवाखान्याच्या दारात उभं राहून बायकांना अडवण्याची परदेशी पद्धत इथे आणू नये. प्रसूतिगृहाच्या एकाच दारातून बाळंतीण, वंध्यत्वाचा उपचार घेणारी आणि गर्भातलं बाळ दगावल्यामुळे पिशवी साफ करून घ्यायला आलेली, अशा तिघी आत जातात. कोणाला काय बोललात हे तुम्हालाही कळणार नाही.

पाठ असायला हवा असा कायदा

चुकीचा कायदा सांगितलात तर पुढचं सगळं बोलणं फुकट. 2021 ची दुरुस्ती धरून थोडक्यात असं: 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि तेही ठरावीक स्त्रियांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मानसिक आजार असलेली, गर्भात गंभीर व्यंग असलेली, आपत्तीत सापडलेली. 24 च्या पुढे फक्त गंभीर व्यंग, तेही वैद्यकीय मंडळाने मान्य केलं तर. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर ही मुदत आड येत नाही. गर्भनिरोधक फसणं हे कारण आता 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' अशा शब्दांत आहे. अविवाहितेलाही 24 आठवड्यांच्या तरतुदीतून वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये सांगितलं.

18 वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. याची दुसरी बाजू जास्त कामाची आहे: तिच्या संमतीशिवाय नवरा, सासू किंवा आई तिचा गर्भपात करवून घेऊ शकत नाही. तो गुन्हा आहे. पुष्कळ बायकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भ राहिल्यापासून नव्हे. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. 'आठव्या आठवड्यात बाळ असं दिसतं' हे वाक्य कोणत्या मोजणीने आहे ते माहीत नसेल तर म्हणू नका. समोर एखादी नर्स असली की तिथेच विश्वास उडतो.

टेबल, स्टूल, पिशवी

दोघी जा. एकीने बोलायचं, दुसरीने चार पावलांवर थांबून गर्दी, लहान मुलं आणि मध्येच तोंड घालणारे काका सांभाळायचे. दोन स्टूल काटकोनात ठेवा. समोरासमोर बसलं की मुलाखत वाटते, आणि रडू आलेल्या बाईला नजर वळवायला जागा लागते. पाण्याची बाटली आणि रुमाल हवेतच.

छिन्न भ्रूणांचे फोटो नकोत. ज्यांना हादरवायचं असतं ते हसत निघून जातात आणि जिचं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं ती हादरते. 12 आठवड्यांच्या बाळाची प्लॅस्टिकची प्रतिकृती जवळ असेल तर पिशवीत ठेवा, टेबलावर मांडू नका. कुणी 'तेव्हा केवढं असतं हो?' असं स्वतः विचारलं, तरच काढा.

कार्ड मात्र भरपूर छापा, तळहातात मावेल एवढं, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी. त्यावर 181 (महिला), 1098 (बालक), 112 (तातडीची मदत), 108 (रुग्णवाहिका), 14416 (टेली-मानस, मानसिक आरोग्य) आणि तुमच्या गटातल्या एकीचा नंबर. 'गर्भपात', 'गर्भवती', 'जीवनरक्षा' यातला एकही शब्द कार्डावर नको. ते तिच्या पर्समध्ये जाणार आहे आणि पर्स घरात कोण उघडतं ते आपल्याला ठाऊक नाही.

शब्द

बायका 'गर्भपात' क्वचितच म्हणतात. 'क्युरेटिंग केलं', 'पिशवी धुतली', 'गोळ्या घेतल्या', 'राहिलं नाही', 'पाडलं' असं म्हणतात. त्यातले पहिले चार शब्द आपोआप पडलेल्या गर्भासाठीही वापरतात. तेव्हा अर्थ लावू नका आणि लगेच विचारूही नका. तिने वापरलेलाच शब्द परत वापरा. 'खून' आणि 'भ्रूणहत्या' हे शब्द टाळा. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांतही आता 'लिंगनिवड' हा शब्द पसंत करणारे बरेच आहेत, कारण हत्येच्या भाषेने दोष बाईच्या माथी बसतो आणि सोनोग्राफी मशीनवाला सुटतो.

पहिली दोन मिनिटं

सुरुवात तुम्ही करणार असाल तर प्रश्न मोकळा ठेवा. "तुम्ही बाजूने की विरुद्ध?" असं विचारलं की माणूस लगेच एक पक्ष घेतो आणि मग तो राखत बसतो. "तुमच्या ओळखीत कुणावर अशी वेळ आली होती का? तेव्हा तिला कोणी साथ दिली?" हा प्रश्न चालतो. 'ओळखीत' म्हटल्यामुळे तिला स्वतःबद्दल मैत्रिणीच्या नावाने बोलता येतं. 'माझी एक मैत्रीण आहे' असं सुरू झालं की ती मैत्रीण खरी की ती स्वतःच, हे शोधू नका. मैत्रिणीलाच उत्तर द्या.

दहा मिनिटं बोलणं झालं तर तुमच्या वाट्याला तीन पुष्कळ. तिचं ऐकून झाल्यावर ते एका वाक्यात परत सांगा: "म्हणजे ताई, पैशापेक्षा घरचे काय म्हणतील याची धास्ती जास्त होती." चुकलं असेल तर ती दुरुस्त करते आणि त्या दुरुस्तीत खरी गोष्ट बाहेर येते. इथे सगळ्यात जास्त चूक होते. सुचलेलं उत्तर जिभेवर येतं आणि स्वयंसेविका शेवटचं वाक्य कापते.

आपली भूमिका विचारली तर लपवू नका, लांबवूही नका. "आम्ही मानतो की गर्भ राहिल्यापासून ते माणसाचं लेकरू आहे, त्याला मारू नये. आणि आईला एकटं पाडू नये." एवढं पुरे. हिंदू किंवा मुसलमान बाईला बायबलची वचनं ऐकवण्यात अर्थ नाही. पोटातला जीव आईहून वेगळ्या जनुकांचा, जिवंत, मानवजातीचाच आहे, हे जीवशास्त्र सांगतं. त्याचा जीव घेणं योग्य की अयोग्य हा नीतीचा प्रश्न आहे. दोन्हींची सरमिसळ करून 'विज्ञानानेच सिद्ध केलंय' म्हटलं की हुशार मुलगी बरोबर तिथेच पकडते.

गर्भपाताने स्तनाचा कर्करोग होतो, पुढे मूलच होत नाही, अशी विधानं तर करूच नका. पहिलं मोठ्या अभ्यासांत टिकलेलं नाही. दुसरं, सुरक्षितपणे केलेल्या गर्भपाताबाबत सरसकट खरं नाही.

वाद घालायलाच आलेल्या कॉलेजकुमाराला पाच मिनिटं द्या, त्याचा एक मुद्दा मान्य करा आणि मोकळं व्हा. त्याच्या मागे उभी असलेली मुलगी सगळं ऐकत असते.

"माझं झालंय"

हे शब्द आले की चर्चा संपली. आता तुमची बाजू मांडायची नाही. आवाज खाली आणा, दुसरीला थोडं दूर जायला खुणवा आणि म्हणा, "सांगितलंत, बरं केलंत. किती दिवस झाले?" दिवसांचा प्रश्न मुद्दाम आहे. उत्तर 'परवा' असेल तर आधी तब्येत बघायची. दोन तास सलग, तासाला दोन मोठे पॅड भिजतील इतकं रक्त, अंगात ताप, घाण वासाचा स्राव, चक्कर, पोटात एका बाजूला तीव्र कळ, यातलं काहीही असेल तर लगेच 108 किंवा जवळचं सरकारी रुग्णालय. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांमध्ये धोका असा की सोनोग्राफी झालेली नसते; गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर गोळीने तो निघत नाही आणि नळी फुटू शकते. डॉक्टरला गोळी घेतल्याचं खरं सांगायला तिला सांगा. ही माहिती गुप्त ठेवणं कायद्यानेच त्यांच्यावर बंधनकारक आहे.

उत्तर 'वीस वर्षं' असेल तर ऐका. 'देव माफ करतो' हे पहिल्या मिनिटात म्हणू नका. तिला अजून सांगायचं असतं. तिला मुळीच पश्चात्ताप नसेल तर तो तिच्यात जागवण्याचा उद्योगही टेबलाशी करायचा नाही.

ती कॅथलिक असेल तर बहुधा एक भीती मनात असते: आपण चर्चबाहेर गेलो, आता कुमसार (पापांची कबुली) ऐकणारही कोणी नाही. हे नेमकं सांगता यायला हवं. चर्चच्या कायद्यात गर्भपात करवण्याला बहिष्काराची शिक्षा आहे हे खरं, पण 18 वर्षांखालच्या मुलीला ती आपोआप लागू होत नाही. मोठ्या भीतीपोटी किंवा दबावाखाली झालेलं असेल, किंवा अशी शिक्षा असते हेच तिला माहीत नसेल, तरीही लागू होत नाही. आणि 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. बिशपांकडे जायला नको. स्वतःच्या धर्मग्रामात (आपल्या चर्चच्या हद्दीत) ओळखीचे फादर असतील तर शेजारच्या धर्मग्रामात जाता येतं. आधी फोन करून वेळ घ्यायला सांगा. रविवारच्या मिस्सेआधीच्या रांगेत मागे दहा माणसं उभी असताना हे बोलणं होत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995 च्या 'इव्हँजेलियम विटे' या परिपत्रकात अशा स्त्रियांना थेट उद्देशून एक परिच्छेद लिहिला आहे, क्रमांक 99. त्याची प्रत जवळ असू द्या, मागितली तर द्या.

"दिवस गेलेत, काय करू?"

इथे घाई तिची असते, तुमची असू नये. क्रमाने विचारा.

एक: "आत्ता घरी सुरक्षित आहात ना?" मारहाण असेल तर बाकीचं थांबवून 181.

दोन: वय. पण त्याआधी 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊन बसू नका. मुलगी 18 खालची असेल तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली ही बाब पोलिसांना कळवणं जाणणाऱ्या प्रत्येकावर बंधनकारक आहे, तिची 'संमती' होती म्हटलं तरी. म्हणून सुरुवातच अशी: "तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझं वय कमी असेल तर एक-दोन ठिकाणी कळवावं लागतं, तेव्हा मी तुझ्यासोबत येईन."

तीन: डॉक्टरने तपासलंय का आणि किती आठवडे. नुसत्या लघवी तपासायच्या पट्टीवर निर्णय नको. गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे आधी कळायला हवं. नळीतल्या गर्भावर तातडीचा उपचार आईला मिळायलाच हवा. नळीचा बाधित भाग काढणं चर्चही निषिद्ध मानत नाही. यावर कोणी स्वयंसेविका 'थांबा, प्रार्थना करू' म्हणाली तर तिला टेबलावर पुन्हा बसवू नका.

चार: "बाळ ठेवायचं तर सगळ्यात मोठी अडचण कोणती?" एकच विचारा. उत्तराप्रमाणे पुढची वाट बदलते.

पैसा हे उत्तर आलं तर आकडे हवेत, धीराचे शब्द नंतर. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, नेण्या-आणण्याची गाडी मोफत. साध्या प्रसूतीला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत जेवणही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6,000. नोंदणी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे, आधार आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. हे खातं नसणं हीच नेहमीची खोट. उघडायला तिच्याबरोबर जा. नोकरी असेल आणि आस्थापनेत 10 किंवा अधिक माणसं असतील तर पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवडे पगारी रजा, तिसऱ्याला 12. प्रसूतीआधीच्या वर्षात 80 दिवस काम झालेलं हवं. तिसऱ्या मुलासाठी मातृवंदनेचे पैसे मिळत नाहीत, हे आधीच सांगा. तिथे धर्मग्रामानेच खिशात हात घालायचा असतो: नऊ महिन्यांचा औषधपाण्याचा खर्च, बाळंतपणानंतर दोन-तीन महिने शिधा, मोठ्या मुलांच्या शाळेची फी. हे देता येणार नसेल तर 'आम्ही आहोत' असं म्हणू नका.

लग्न झालेलं नाही आणि बाळ ठेवता येणार नाही, असं असेल तर दत्तकाची वाट. इथे भल्या माणसांच्या हातून गुन्हे होतात. 'आमच्या ओळखीचं जोडपं आहे, त्यांना देऊ' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. अशा परस्पर व्यवहाराला बाल न्याय कायद्याखाली तुरुंगवास आहे. सरळ रस्ता असा: जन्मानंतर आई जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे किंवा मान्यताप्राप्त दत्तक संस्थेमार्फत बाळ सुपूर्द करते. लग्नाबाहेरचं बाळ असेल तर एकट्या आईची सही चालते, विवाहित असेल तर दोघांची. त्यानंतर दोन महिने तिला विचार बदलायला असतात. त्या मुदतीत ती बाळ परत नेऊ शकते. नाव गुप्त राहतं. गरोदरपणाचे शेवटचे महिने राहायचं कुठे, याची सोय आधी करा. पाचव्या महिन्यापासून पोट लपत नाही.

मुलगी आहे म्हणून, असं उत्तर आलं तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. लिंग सांगणारा डॉक्टर गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्याखाली गुन्हेगार आहे, आणि दबावाखालची बाई त्यात आरोपी धरली जात नाही. कायद्याचं गृहीतक नवऱ्याने-नातेवाइकांनी भाग पाडलं असंच आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, 2001 मध्ये 913. हे आकडे सासूला सांगायचे, सुनेला नव्हे. सासूशी बोलायला गटातली तिच्याच वयाची काकू पाठवा. पंचविशीतल्या मुलीचं ती ऐकणार नाही.

दोष निघालाय, हे सर्वांत कठीण. अशा वेळी कागद घेऊन आलेल्या जोडप्याकडे दिवस मोजके असतात, कारण व्यंग शोधणारी सोनोग्राफी साधारण 18 ते 20 आठवड्यांत होते. निदानाचं नाव कागदावरून लिहून घ्या आणि त्या अवयवाच्या बालशल्यचिकित्सकाची किंवा बालहृदयतज्ज्ञाची भेट त्याच आठवड्यात मिळवून द्या. फाटलेला ओठ काही महिन्यांच्या बाळाचा शिवता येतो. वाकडी पावलं आठवड्याला बदलायच्या प्लास्टरने सरळ होतात. हृदयाचे कितीतरी दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंगांवरच्या उपचारांची सोय आहे. पण डोक्याची कवटीच तयार झालेली नसेल तर ते बाळ जन्मून काही तास, फार तर दिवस जगतं. तिथे 'नोव्हेना करा, सगळं नीट होईल' म्हणणं ही लबाडी आहे. बाळ जन्माला घालून निरोप देणाऱ्या आईला वेदनाशमन, बाप्तिस्म्यासाठी धर्मगुरू आणि दफनाची जागा लागते, हे सगळं आधी ठरवता येतं. तिने दुसरा निर्णय घेतला तरी तुमचा नंबर तिच्याकडे राहू द्या.

निघताना

तिचा नंबर मागू नका, तुमचा द्या. तिने आपणहून नंबर दिला, तर फोन कधी केलेला चालेल ते तिला विचारा आणि स्वतःहून एकदाच करा, तिने हो म्हटलं असेल तरच. वहीत नाव, गाव, चर्च काही लिहायचं नाही. संध्याकाळी गटात 'आज एक वाचलं' अशी मोजणी करण्याची सवय असेल तर ती बंद करा. वसईसारख्या भागात तीन खुणा सांगितल्या की चौथी बाई नाव ओळखते. नक्की काय निष्पन्न झालं हे बहुतेकदा कळतच नाही.

तिचा फोन पंधरा दिवसांनी आला आणि ती म्हणाली, "करून टाकलं", तर ज्या आवाजात पहिल्यांदा बोललात त्याच आवाजात विचारा: रक्त किती जातंय, ताप आहे का, जेवलात का, घरी कोण आहे.